थंडीच्या तोंडावर कुंड्यांची निगा : पाऊस संपल्यापासून संक्रांतीपर्यंत

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परतीचा पाऊस महाराष्ट्रातून निघतो. मग दोन-तीन आठवडे उन्हाचा चटका बसतो आणि दिवाळीच्या आसपास पहाटेचा गारवा जाणवू लागतो. एवढ्या थोड्या काळात कुंडीतल्या झाडाभोवतीचे सगळेच बदलते. ऊन वेगळ्या कोनातून येते, रात्री लांबतात, हवा कोरडी होते, माती गार पडते. आपली पाणी घालण्याची सवय मात्र तीच राहते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाने पिवळी पडली की आपण 'थंडी लागली' म्हणतो आणि झाड मलूल दिसते म्हणून आणखी एक तांब्या ओततो.

पुणे, सातारा, कोल्हापूर, सोलापूर इथली नेहमीची थंडी बहुतेक झाडांचा जीव घेण्याइतकी कडक नसते. कोकणात आणि गोव्यात तर ती नावापुरतीच असते. हिवाळ्यात कुंडीतली झाडे जातात ती मुख्यतः गार, ओल्या मातीत मुळे कुजल्यामुळे. त्यामुळे या लेखात झाडे झाकण्यापेक्षा पाणी, ऊन आणि वेळ यांबद्दल जास्त लिहिले आहे. नाशिक, निफाड, नागपूर, गोंदिया, महाबळेश्वर इथल्या कडाक्याच्या रात्रींसाठी वेगळे सांगण्यासारखे आहे, तेही पुढे येईल.

गारठ्यात कुंडीच्या आत काय होते

जमिनीत लावलेल्या झाडाची मुळे खोल जातात आणि फूटभर खाली मातीचे तापमान दिवसरात्रीत फारसे हलत नाही. कुंडीतल्या मुळांना हा आधार नाही. दहा इंची कुंडी सगळ्या बाजूंनी हवेत उघडी असते, त्यामुळे पहाटे पाच वाजता तिच्यातली माती जवळजवळ हवेइतकीच गार झालेली असते. गार मातीत मुळांची पाणी ओढण्याची ताकद घटते. पानांतून होणारे बाष्पीभवनही मंदावते. पावसाळ्यानंतरच्या उन्हात जे पाणी एका दिवसात संपत होते, ते डिसेंबरमध्ये चार-पाच दिवस मातीत तसेच राहते. पाण्याने भरलेल्या मातीत हवेला जागा उरत नाही, मुळे गुदमरतात, बुरशी शिरते आणि मुळे कुजायला लागतात. कुजलेली मुळे वर पाणी पाठवू शकत नाहीत, म्हणून पाने माना टाकतात. वरून पाहणाऱ्याला वाटते, झाड तहानले आहे.

मलूल झाड दिसले की झारी उचलण्याआधी मातीत बोट घालायचे, ही एक सवय या हंगामात सर्वांत जास्त झाडे वाचवते.

पहिली पायरी : पावसाळ्याने केलेले नुकसान भरून काढा

हे काम दसरा ते दिवाळी या काळात करावे. चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतली माती दाबून घट्ट केलेली असते, खत धुऊन नेलेले असते आणि वर शेवाळाचा हिरवा थर चढलेला असतो. या घट्ट मातीत पाणी वर साचते किंवा कडेच्या फटीतून थेट खाली जाते.

प्रत्येक कुंडी हातात घ्या किंवा आडवी करा. तळाचे भोक उघडे आहे का ते पाहा. मुळांनी, गाळाने किंवा खापरीच्या तुकड्याने ते बुजले असेल तर जाड तार किंवा स्क्रू ड्रायव्हर खालून घालून मोकळे करा. हे काम बहुतेकजण टाळतात, कारण कुंड्या जड असतात. पण बुजलेल्या भोकाची कुंडी हिवाळ्यात वाचवणे फार कठीण असते. भोक मोकळे झाले की कुंडी थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवा. खालून पाणी निघून जाते आणि गच्चीच्या गार स्लॅबशी तळाचा संबंध राहत नाही.

खालच्या ताटल्या या काळात काढून टाकलेल्या उत्तम. बाल्कनीतून खालच्या मजल्यावर पाणी गळते म्हणून त्या ठेवाव्याच लागत असतील, तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने रिकाम्या करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतात, हेही विसरू नका.

मग शेवाळाचा थर खरवडून फेका आणि खुरप्याने वरची दीड-दोन इंच माती हलवून घ्या. खोल खणू नका. बारीक मुळे याच थरात असतात. माती दोन दिवस उन्हात वाळू द्या आणि त्यानंतर खत घाला. दहा-बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत आणि एक लहान मूठ निंबोळी पेंड पुरते. कच्चे शेण घालू नका, ते मातीत कुजताना मुळांना इजा करते आणि हुमणीच्या अळ्यांना आमंत्रण देते.

छाटणी आणि कुंडी बदलणे : कोणाची आता, कोणाची नंतर

इथे झाडांचे सरळ दोन गट पडतात. काही झाडे थंडीत फुलतात आणि काही थंडीत झोपतात. पहिल्या गटात गुलाब, शेवंती, झेंडू, पिटुनिया, डायंथस, पॉइन्सेटिया येतात. दुसऱ्यात मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, अडेनियम, कॅलेडियम, हळद. दोन्हींना एकच वागणूक दिली की दोन्ही बिघडतात.

गुलाबाची छाटणी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करावी. वाळलेल्या, आत वळलेल्या, पेन्सिलीहून बारीक काड्या काढून टाका. जोमदार फांद्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरक्या कापा. कापाला कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची पातळ पेस्ट लावा, म्हणजे फांदी वरून काळी पडत खाली सरकत नाही. छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, म्हणजे ऐन गुलाबी थंडीत, पहिला बहर येतो. नोव्हेंबर उलटल्यावर छाटले तर बहर त्या प्रमाणात मागे जातो.

मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांना आता कात्री लावू नका. छाटले की झाड नवा कोवळा फुटवा काढते आणि तोच गारठ्यात करपतो. वाळकी काडी काढायला हरकत नाही, पण खरी छाटणी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत.

कुंडी बदलण्याचेही असेच आहे. मुळे भोकातून बाहेर आली असतील तर ते काम नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरका. हलवलेल्या झाडाला नवी मुळे धरायला उबदार माती लागते. डिसेंबर-जानेवारीत मोकळी केलेली मुळे मातीत नुसती पडून राहतात, पाणी ओढत नाहीत. उशीर झाला असेल तर फेब्रुवारीपर्यंत थांबा. दोन-अडीच महिने कुंडी थोडी अपुरी पडल्याने झाड मरत नाही.

दुसरी पायरी : ऊन कुठे गेले ते शोधा

झाडांची जागा ठरवताना बहुतेक लेखांत 'उन्हात ठेवा' एवढेच लिहिलेले असते. पण आपल्याकडे हिवाळ्यात ऊन जागा बदलते आणि ते किती बदलते याचा अंदाज अनेकांना नसतो.

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर सूर्य दुपारी तिथे बरोबर डोक्यावर येतो, जूनमध्ये तो किंचित उत्तरेला सरकतो आणि २१-२२ डिसेंबरला माध्यान्हीही दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. नागपुरात हाच कोन साधारण ४५ अंशांचा होतो. याचा परिणाम असा, की जूनमध्ये माध्यान्हीचे ऊन दक्षिणेच्या बाल्कनीत शिरतच नाही आणि डिसेंबरमध्ये तेच ऊन खोलीपर्यंत पोचते. उत्तरेच्या बाल्कनीत मात्र सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन अजिबात येत नाही.

म्हणून उत्तरेच्या बाल्कनीत पावसाळ्यापूर्वी फुललेले जास्वंद हिवाळ्यात कळ्या गाळू लागले, तर दोष खताचा नसतो. त्याला ऊन उरलेले नसते. शक्य असेल तर उत्तरेकडची ऊन-प्रिय झाडे चार महिन्यांसाठी दक्षिण किंवा पूर्वेच्या बाजूला आणा. जागा नसेल तर पाणी आणखी कमी करा, कारण सावलीतली कुंडी वाळायला दुप्पट वेळ घेते.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्ची किंवा बाल्कनीचा मोबाईलवर फोटो काढा. शेजारच्या इमारतीची सावली हिवाळ्यात किती लांब पडते ते त्यात स्पष्ट दिसते. मग ज्या जागी सकाळचे ऊन आधी पोचते, तिथे रात्रभर गारठलेल्या आणि नाजूक कुंड्या ठेवा. पश्चिम किंवा दक्षिणेची पक्की भिंतही कामाची असते. ती दिवसभर तापते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. उघड्या गच्चीच्या मध्यावर विखुरलेल्या कुंड्या भिंतीलगत एकत्र आणल्या, मोठ्या बाहेर आणि छोट्या आत ठेवल्या, तर निम्मा बंदोबस्त तिथेच होतो.

पावसाळ्यात लावलेली हिरवी शेडनेटही आता उतरवा. उन्हाळ्यापर्यंत तिची गरज नाही. फक्त फर्न, अँथुरियम, ऑर्किड यांच्यावर ती राहू द्या.

तिसरी पायरी : पाणी

किती दिवसांनी पाणी घालावे, या प्रश्नाला कोणतेही ठरावीक उत्तर देणे चुकीचे होईल. मातीची कुंडी आणि प्लास्टिकची कुंडी शेजारी शेजारी असली तरी एक तीन दिवसांत वाळते आणि दुसरी आठवडा घेते. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपते आणि वाळते, प्लास्टिक, फायबर आणि सिरॅमिकमधून नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेले मिश्रण वरून कोरडे दिसते आणि आत चिंब असते. म्हणून वाराप्रमाणे पाणी घालणे सोडा आणि कुंडीप्रमाणे घाला.

तपासण्याचे तीन मार्ग आहेत. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला, गार आणि ओले लागले तर थांबा. मोठ्या, खोल कुंडीत बांबूची काडी तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढा, तिला माती चिकटली असेल तर आत ओल आहे. छोट्या कुंड्या उचलून पाहा. आठवडाभर हे केले की वजनावरूनच हाताला कळू लागते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती मुठीत दाबली तर गोळा होतो पण पाणी सुटत नाही आणि बोटाने टोकले की गोळा फुटतो, ती अवस्था गेली आणि माती भुरभुरीत झाली की पाणी द्यायची वेळ झाली. गुलाब आणि हंगामी फुलांना वाफसा टिकवून ठेवावा. झोपलेल्या झाडांची माती त्याहून कोरडी होऊ द्यावी.

द्याल तेव्हा मात्र पोटभर द्या, तळातून पाणी बाहेर येईपर्यंत. रोज अर्धा पेला ओतण्याची सवय हिवाळ्यात सर्वांत घातक असते. तिने वरची दोन इंच माती कायम ओली राहते, खोडाचा बुंधा त्या ओलीत कुजतो आणि खालची मुळे कोरडीच राहतात.

वेळ सकाळी नऊ ते अकराची, कुंडीवर ऊन पडल्यानंतरची. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर मातीत गार होत राहते आणि पानांवर उडालेले थेंब सकाळपर्यंत वाळत नाहीत, त्यातून बुरशी वाढते. नोकरीमुळे सकाळी सातलाच घर सोडावे लागत असेल तर शनिवार-रविवारवर पाणी आणा. मोठ्या कुंड्यांना ते हिवाळ्यात बहुधा पुरते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी पहाटे बर्फासारखे असते. अँथुरियम, ऑर्किड, कॅलेथिया यांना ते थेट देऊ नका, बादलीत भरून तासभर उन्हात ठेवा.

एक अपवाद लक्षात ठेवा. हिवाळ्यातली हवा कोरडी असते आणि विदर्भ-मराठवाड्यात दुपारचे ऊन बऱ्यापैकी कडक. तिथल्या लहान मातीच्या कुंड्या, टांगत्या कुंड्या आणि पिटुनियासारखी उथळ मुळांची फुले दोन दिवसांत वाळू शकतात. पाणी कमी करा याचा अर्थ ती वाळवा असा होत नाही.

माती झाकल्याने हे सगळे सोपे होते. वाळका पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, उसाचे पाचट किंवा भाताचे तूस यांचा इंचभर थर पसरा. रात्री मातीतली ऊब टिकते, दिवसा ओल टिकते. मात्र हा थर खोडापासून दोन बोटे लांब ठेवा आणि अडेनियम, कॅक्टस, स्नेक प्लांट यांना तो अजिबात घालू नका.

तुळस, आणि घरातली इतर नेहमीची झाडे

तुळशीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण हिवाळ्यात सर्वांत जास्त घरांतून जाणारे झाड तेच आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न लागते आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यात अनेक वृंदावनांतली तुळस काड्या होऊन उभी असते. कारणे तीन. पहिले, तुळस मुळात उष्ण हवेची आहे, रात्रीचा पारा दहा अंशांखाली गेला की ती पाने टाकते. दुसरे, तोपर्यंत ती मंजिऱ्यांनी लदलेली असते आणि बी पिकवण्यात सगळी ताकद घालवते. तिसरे कारण सर्वांत मोठे : रोज आंघोळीनंतर घातला जाणारा तांब्याभर पाण्याचा नेम.

नेम मोडण्याची गरज नाही. थंडीच्या दिवसांत पंचपात्रीतून पळीभर पाणी वाहा आणि माती वाळल्यावर सकाळच्या उन्हात एकदा पुरते पाणी द्या. हळदकुंकू, अक्षता, फुले, दूध मातीवर साचून तिथे बुरशी धरते. आठवड्यातून एकदा तो थर हलक्या हाताने काढून वरची माती मोकळी करा. निरांजन किंवा पणती फांद्यांखाली न ठेवता वृंदावनाच्या कोनाड्यात ठेवा. मंजिऱ्या हिरव्या असतानाच खुडत जा, चार-पाच मात्र तपकिरी होऊ द्या आणि त्यांचे बी कागदाच्या पुडीत ठेवा. झाड गेलेच तर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यातून नवी रोपे होतील. डिसेंबरमध्ये फांद्या कोरड्या दिसल्या तर लगेच उपटू नका. नखाने साल खरवडून पाहा, आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे.

मोगऱ्याला थंडीत विश्रांती हवीच असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी तोडत आणा, डिसेंबर-जानेवारीत खत पूर्ण बंद. पाने पिवळी होऊन गळतील, गळू द्या. या ताणातूनच पुढचा बहर येतो. हिवाळाभर पाणी आणि खत घालून हिरवागार ठेवलेला मोगरा उन्हाळ्यात पाने भरपूर देतो आणि कळ्या मोजक्याच.

कढीपत्ता वाढ थांबवतो, खालची पाने पिवळी करतो. फोडणीपुरती चार-सहा पाने काढा, फांदी ओरबाडू नका. आंबट ताक घालण्याची पद्धत असेल तर ती दोन महिने थांबवा, माती वाळत नसताना त्याला वास येतो आणि चिलटे होतात.

शेवंती ही मोठ्या रात्रीची फुले. रात्र लांबली की तिला कळ्या धरतात. तुमच्या शेवंतीवर रात्रभर रस्त्याचा किंवा जिन्याचा दिवा पडत असेल तर कळ्या उशिरा येतात किंवा येतच नाहीत. पॉइन्सेटियाचेही तसेच, वरची पाने लाल व्हायची तर त्याला ऑक्टोबरपासून रोज रात्री सलग पूर्ण अंधार लागतो. कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवली की काम होते.

अडेनियम पानगळ करील. पुणे-नाशिककडे त्याला पंधरा दिवसांतून थोडे पाणी पुरते, मुंबई-कोकणात त्याहून जास्त चालते. फुगलेला बुंधा दाबून पाहत राहा. कडक असेल तर ठीक, मऊ लागला तर पाणी बंद करून झाड काढा, कुजका भाग कापा, सावलीत आठवडाभर वाळवा आणि कोरड्या रेताड मातीत पुन्हा लावा.

कॅलेडियमची पाने आडवी पडली की कुंडी उचलून कोरड्या कोपऱ्यात ठेवून द्या, कंद मातीतच राहू द्यात. मार्चमध्ये पाणी सुरू केले की ते उगवतात. हळदीची पाने वाळायला लागली की पाणी थांबवा आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढा. ओल्या हळदीच्या लोणच्यापुरती हळद दोन कुंड्यांतून सहज मिळते. बोगनवेलीला मुद्दाम तहानलेली ठेवा, फुले त्यानेच येतात.

घरातल्या मनी प्लांट, स्नेक प्लांट, अरेका पाम यांना खिडकीजवळ सरकवा, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि उन्हाळ्याच्या मानाने निम्मेच पाणी द्या. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांटला महिन्यातून एकदा दिले तरी चालते. रात्री खिडकी उघडी राहत असेल तर तिच्या थेट झोतात अँथुरियम, ऑर्किड, डिफेनबॅकिया ठेवू नका.

खत कोणाला चालू, कोणाला बंद

फुलत असलेल्या झाडांना दर पंधरा दिवसांनी पातळ खत चालू ठेवा. शेंगदाणा पेंड तीन-चार दिवस भिजवून, गाळून, दहा पट पाण्यात मिसळून दिलेली गुलाब-शेवंतीला मानवते. झोपलेल्या झाडांना नोव्हेंबरच्या मध्यानंतर काहीही नको. न वापरलेले खत गार मातीत साठत जाते आणि मुळांच्या टोकांना जाळते.

कीड आणि भुरी

दिवसा कोरडी हवा आणि पहाटे दव, ही गुलाब आणि झेंडूवरच्या भुरीला मानवणारी स्थिती आहे. पानांवर पांढरी पावडर दिसताच ती पाने तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. झाडांमध्ये वारा खेळेल इतके अंतर ठेवा. शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येतो, जास्वंदाच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण कापसासारखा बसतो. सुरुवातीला जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने तो काढता येतो. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब घालून दर सात-आठ दिवसांनी तीन वेळा फवारा. थंडीत हे तेल बाटलीत गोठते. कोमट पाण्यात बाटली ठेवून ते पातळ करून घ्या, नाहीतर पाण्यात मिसळत नाही आणि पंपाचे तोंड अडते. फवारणी उन्हाच्या माऱ्यात करू नका. सकाळी लवकर केली तर पाने दिवसभरात वाळतात.

कडाक्याच्या रात्री

पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांवर गेला होता. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ अंश होता. निफाडच्या द्राक्षबागांमध्ये थंडीच्या लाटेत शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात आणि बागेला पाणी सोडतात, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी काही वर्षी दवबिंदू गोठतात. अशा रात्री वर्षात मोजक्याच, पण नाजूक कुंड्यांसाठी त्याच निर्णायक.

बातमीतला आकडा तुमच्या गच्चीचा असेलच असे नाही. पुण्यातच पाषाण, हवेली भागात आणि कोरेगाव पार्क-मगरपट्टा भागात एकाच पहाटे चार-सहा अंशांचा फरक दिसतो. गार हवा जड असते, ती सखल भागात, नदीकाठी, तळमजल्याच्या अंगणात साचते. किमान-कमाल तापमान नोंदवणारा साधा थर्मामीटर कुंड्यांच्या उंचीवर टांगा. त्यावर रात्री दहा अंश दिसले की अँथुरियम, ऑर्किड, कॅलेडियम, अडेनियम आत. सहा-सातच्या खाली जाऊ लागले की बाकीच्या उष्ण हवेच्या झाडांना झाकण.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्या आकाशाखालचे पान स्वतःची ऊब वर सोडत जाते आणि हवेपेक्षाही दोन-तीन अंश गार होते. त्यामुळे हवेत दोन-तीन अंश असले तरी पानावर दव गोठू शकते. नुसत्या छपराखाली किंवा बाल्कनीच्या स्लॅबखाली सरकवलेल्या कुंड्या म्हणूनच वाचतात. उघड्यावरच्या कुंड्यांभोवती चार काठ्या रोवा आणि जुनी सुती साडी, चादर किंवा गोणपाट जमिनीपर्यंत येईल असे पांघरा. कापड पानांना टेकू नये. प्लास्टिक वापरू नका, आत पाणी सुटते आणि ज्या पानाला ते चिकटते ते करपते. सूर्यास्ताच्या सुमारास झाकायचे, म्हणजे दिवसाची ऊब आत अडकते आणि सकाळी ऊन आले की काढायचे. माती पार कोरडी असेल तर त्या दिवशी दुपारी बाराच्या आत पाणी द्या.

पाने काळवंडली तरी लगेच कापू नका. करपलेला भाग खालच्या जिवंत भागावर पांघरूण म्हणून राहतो. किती नुकसान झाले ते फेब्रुवारीतच नीट कळते.

महाराष्ट्राबाहेर तुळस-कढीपत्ता जपणाऱ्यांसाठी

इंदूर, ग्वाल्हेर, दिल्लीकडे वरचे सगळे नियम पंधरा-वीस दिवस आधी लागू होतात, आणि तिथे धुक्यामुळे आठवडाभर ऊनच पडत नाही अशा काळात पाणी पूर्ण थांबवावे लागते. इंग्लंड, जर्मनी, न्यू जर्सी, टोरांटोसारख्या ठिकाणी तुळस, कढीपत्ता, मोगरा बाहेर राहूच शकत नाहीत. रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांवर येताच, घरातली हीटिंग सुरू होण्याआधी, कुंड्या आत घ्या. आणण्यापूर्वी आठवडाभर रोज काही तास आत-बाहेर करा, पानांच्या खालच्या बाजू साबणाच्या पाण्याने धुवा, म्हणजे कीड घरात येत नाही. दक्षिणेची खिडकी निवडा, पण काच आणि रेडिएटर दोन्हींपासून हातभर दूर. दिवस आठ-नऊ तासांचा असतो तिथे तुळशीला वाढीचा दिवा बारा-चौदा तास लागतो. कढीपत्ता सगळी पाने टाकील, तरी खोड हिरवे असेपर्यंत त्याला थोडीशी ओल देत राहा. रिकाम्या मातीच्या कुंड्या बाहेर ओल्या ठेवू नका, आतले पाणी गोठून त्या फुटतात.

संक्रांतीनंतर

मकर संक्रांतीनंतरही गारठा लगेच संपत नाही, जानेवारीत थंडीची एखादी लाट हमखास येते. म्हणून तारखेवर न जाता झाडाकडे पाहा. मोगऱ्याच्या काड्यांवर डोळे फुगलेले दिसले, कढीपत्त्याच्या शेंड्याला तांबूस कोंब आला, की ती वेळ. बहुतेक ठिकाणी ती जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यात येते. तेव्हा मोगरा एक-तृतीयांश छाटा, वरची दोन इंच माती काढून तिथे खतमिश्रित नवी माती भरा आणि पाणी एकदम न वाढवता दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. जास्वंद आणि कढीपत्ता त्याच सुमारास छाटा. शेवंतीची फुले संपली असतील तर ती जमिनीपासून तीन-चार इंचांवर कापा. बुडातून निघणारे फुटवे मुळांसकट वेगळे करून लहान पिशव्यांत लावले, तर पुढच्या वर्षीची रोपे घरचीच होतात.